आधी कोठार उघडलं, मग देव आला



अध्यक्षानं शेवटी उठायचं आणि सगळ्यांचं बरोबर आहे म्हणून बसायचं, ही आपल्या सभांची रीत. आज ती मोडतो. मघाशी याच माईकवरून एका वक्त्यांनी ठणकावलं की देवाचा धाक गेला म्हणून माणूस बिघडला. ज्याला देव नाही त्याला नीती नाही आणि त्याच्या जगण्याला अर्थही नाही. टाळ्या भरपूर पडल्या. मी वाजवल्या नाहीत, हे पहिल्या रांगेनं पाहिलंच असेल.

उत्तरासाठी लांब जायला नको. आपल्याच सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याला जाऊ. बहामनी अमलातले दामाजीपंत. दुष्काळात माणसं मरत होती आणि सरकारी कोठारं भरलेली होती. पंतांनी ती लोकांसाठी मोकळी केली. धान्य बादशहाचं आणि शिक्षा मरणाची, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पुढची कथा आपल्याला पाठ आहे: विठोबा विठू महार होऊन बिदरला गेला आणि धान्याची किंमत भरून पावती घेऊन आला. कीर्तनकार इथं रंगात येतात. मी तुम्हाला फक्त क्रम बघायला सांगतो. आधी कोठार उघडलं, मग देव आला. ‘तू वाट, पैसे मी भरतो’ असा निरोप पंढरपूरहून आलेला नव्हता. आता समजा, विठू बिदरला गेलाच नसता आणि पंतांचं मस्तक उडालं असतं. मग कोठार उघडणं चूक ठरलं असतं काय? तुमच्यातलं कोणी ‘हो’ म्हणेल असं मला वाटत नाही. म्हणजे ते बरोबर आहे, हे देव येण्याआधीच ठरलेलं होतं, आणि ते उपाशी माणसाच्या तोंडाकडे बघून ठरलं होतं. देवाला आवडतं म्हणून एखादी गोष्ट चांगली, की चांगली आहे म्हणून देवाला आवडते, हा पेच अथेन्समध्ये सॉक्रेटिसनं घातला. मंगळवेढ्याच्या लोकांनी तो कथेतच सोडवून ठेवला आहे.

‘पण पंतांना बळ कोणी दिलं?’ असं तुम्ही विचाराल. भक्तीनं दिलं असेल, मला मान्य आहे. मात्र बळ दोन्हीकडे जातं, आणि या कथेतली खरी बोच इथं आहे. ज्या देवानं भक्तासाठी महाराचं रूप घेतलं, त्याच देवाच्या गाभाऱ्यात महाराला पाऊल टाकता येत नव्हतं. महार असलेल्या संत चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर आहे, येताजाता आपण पाहतो. ते दार उघडावं म्हणून साने गुरुजींनी १ मे १९४७ ला पंढरपुरात उपोषण सुरू केलं. दहाव्या दिवशी ते सुटलं. गुरुजी विठ्ठलाचे भक्त. दार अडवणारेही विठ्ठलाचेच भक्त, आणि रोज पूजा करणारे. देव एक, क्षेत्र एक, ग्रंथही तेच. मग गुरुजी बरोबर आणि ते चूक, हे आपण कशाच्या जोरावर म्हणतो? ती फूटपट्टी विठ्ठलाकडून आलेली असेल, तर ती दोघांच्याही हातात होती.

धाकाबद्दलही बोलू. सोलापुरात विडी वळणाऱ्या बाईला विचारा. माल घेणाऱ्याच्या डोक्यावर बालाजीचा फोटो, पुढे उदबत्ती, आणि खाली चांगल्या विड्या खराब म्हणून बाजूला. याच बायकांसाठी कुंभारीला १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली. त्यासाठी ज्यांनी मोर्चे काढले, त्यांच्या कम्युनिस्ट पक्षाच्या पोथीत देवाला जागा नाही. बायकांनी नव्या घरात देव्हारा मांडला. कोणी कोणाला अडवलं नाही.

राहिला अर्थाचा प्रश्न. तो मला नेहमीच जरा आगाऊ वाटतो. समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकर देवाबाबत अज्ञेयवादी. सनातन्यांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. ३९व्या वर्षी, दम्यानं पोखरलेल्या देहानं गेले. त्यांचं आयुष्य निरर्थक होतं, असं म्हणायची ज्याची छाती असेल त्यानं म्हणावं. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. चौघे परत आले. कोटणीस तिथल्या कम्युनिस्ट पक्षात दाखल झाले आणि १९४२ च्या डिसेंबरात, ३२ वर्षांचे असताना तिथंच वारले. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात गोळ्या घातल्या. आयुष्यभर त्यांनी कोणाचा देव हिसकावला नाही, देवाच्या नावानं होणारी लूट तेवढी अडवली. अभिनेते डॉ. श्रीराम लागू ‘परमेश्वराला रिटायर करा’ म्हणत आणि त्याच व्यासपीठावर दाभोलकर त्यांच्याशी वाद घालत. हल्ली अशी दोन माणसं एका व्यासपीठावर बसवायची म्हटलं तर संयोजकांना घाम फुटेल. आजच्या संयोजकांनी निदान मला बोलावलं, हे त्यांचं धाडसच म्हणायचं!

माझ्या बाजूच्या मंडळींनी इतक्यात खूश होऊ नये. आषाढीला या जिल्ह्यातून लाखो पावलं पंढरपूरकडे जातात. नवरा गमावलेली बाई दिंडीत चालते, अनोळखी बाया तिच्या शेजारी चालतात, कोणी तिच्या पायाला तेल लावतं. आम्ही विवेकवाद्यांनी त्या तोडीचं काय उभं केलं? परिपत्रकं काढली. शोकसभेला गेलो की दोन मिनिटं उभं राहण्यापलीकडे काय करायचं, हे आम्हाला अजून सुचत नाही. रडणाऱ्या बाईला तर्क ऐकवणारा पुरोगामी मी पाहिला आहे, आणि माझी सहानुभूती त्या बाईकडे होती. एवढं कबूल करूनही मघाचं विधान मला मान्य नाही. तिला आधार देवामुळे मिळतो की शेजारी चालणाऱ्या बायांमुळे, ते तिलाच विचारू. पण ज्याला देव नाही त्याला नीती नाही, हे तिनं कधी म्हटलेलं नाही. ते आपल्या वक्त्यांनी म्हटलं आहे.

ते समोरच बसले आहेत. आभारप्रदर्शन पाच मिनिटं थांबू शकतं. या, माईक घ्या.