राग खरा आहे, पण तो वळतो कुणाकडे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

आजच्या सत्राला 'ब्रिटनमधल्या लोकांचा राग' हा विषय ठरला, तेव्हा आपल्यातल्याच एका कार्यकर्तीने मला विचारलं, "ताई, आपल्या वस्तीत रेशनचा पत्ता नाही. त्या गोऱ्या लोकांच्या रागाचं आपण काय करायचं?" प्रश्न रास्त आहे. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

वेल्समध्ये पोर्ट टॅल्बट नावाचं गाव आहे. पोलादाच्या कारखान्यावर पिढ्यान्‌पिढ्या जगलेलं. २००७ साली हा कारखाना टाटा स्टीलच्या मालकीचा झाला. मार्च २०१६ मध्ये कंपनीच्या संचालक मंडळाची बैठक मुंबईत भरली आणि ब्रिटनमधला धंदा विकायला काढायचं ठरलं. आपलं म्हणणं मांडायला तिथले कामगार पुढारी मुंबईला आले होते. तेव्हा विक्री झाली नाही. पण ३० सप्टेंबर २०२४ रोजी तिथली शेवटची झोतभट्टी विझली. ब्रिटनभरात मिळून सुमारे २,८०० नोकऱ्या जातील, असं कंपनीने त्या वर्षाच्या सुरुवातीलाच जाहीर केलं होतं. जुन्या भट्ट्यांच्या जागी कमी प्रदूषण करणारी विजेची भट्टी उभी करायची आहे आणि त्यासाठी सरकारने ५० कोटी पौंड द्यायचं कबूल केलं. हवा सुधारायला हवीच, त्यात वाद नाही. पण एक भट्टी चालू ठेवा, बदल टप्प्याटप्प्याने करा, हा संघटनांनी सुचवलेला पर्याय कंपनीने फेटाळला. म्हणजे निर्णय मुंबईत आणि चूल विझते वेल्समध्ये. आपला आणि त्यांचा संबंध आहे तो असा.

आता दुसऱ्या एका जागेबद्दल सांगते. यॉर्कशायरमध्ये रॉदरहॅमजवळ मॅन्व्हर्स म्हणून भाग आहे. तिथे पूर्वी कोळशाची मोठी खाण होती. खाण गेली आणि त्या जमिनीवर गोदामं, कचेऱ्या, हॉटेल उभं राहिलं. ४ ऑगस्ट २०२४ ला शेकडोंच्या जमावाने ते हॉटेल घेरलं, खिडक्या फोडल्या, दाराशी आग लावली. आत कोण होतं? आश्रय मागायला आलेले दोनशेहून अधिक निर्वासित आणि हॉटेलचे कर्मचारी. त्याआधी २९ जुलैला साउथपोर्टमध्ये नाचाच्या वर्गात तीन लहान मुलींचा खून झाला होता. खुनी होडीतून आलेला निर्वासित आहे, अशी अफवा पसरवली गेली. तो ब्रिटनमध्येच जन्मलेला होता. पण तोवर गावोगावी दंगली पेटल्या होत्या.

या हॉटेलपासून काही मैलांवर कॉर्टनवुड आहे. ही खाण बंद होणार अशी बातमी मार्च १९८४ मध्ये आली आणि ब्रिटनमधला खाणकामगारांचा वर्षभराचा संप पेटला. सरकारी कोळसा मंडळ म्हणत होतं, वीस खाणी बंद होतील, वीस हजार नोकऱ्या जातील. कामगार पुढारी म्हणत होते, हे खोटं आहे, यादी याहून मोठी आहे. सरकारने त्यांना खोटं पाडलं. २०१४ साली मंत्रिमंडळाचे जुने कागद खुले झाले आणि त्यांत ७५ खाणी बंद करण्याचा बेत निघाला! तीस वर्षांनी खरं बाहेर आलं, तेव्हा गावं उजाड होऊन गेली होती. २०१५ च्या डिसेंबरमध्ये ब्रिटनमधली शेवटची खोल खाणही बंद झाली.

त्या संपात बाया काय करत होत्या? आपल्या गिरणगावातल्या बायांना हे सांगायला नको. गावोगावी त्यांनी सामुदायिक स्वयंपाकघरं चालवली, शिधा वाटला. पण त्या तिथेच थांबल्या नाहीत. खाणी बंद करण्याविरुद्ध त्यांनी स्वतःची संघटना बांधली. ज्या कधी गावाबाहेर एकट्या गेल्या नव्हत्या, त्या सभांतून बोलायला लागल्या, पहाऱ्यावर उभ्या राहिल्या, अटक करून घेतली. संप हरला. पण संपानंतर आम्ही पूर्वीच्या घरात परतलो नाही, असं सांगणाऱ्या कितीतरी जणी आहेत.

आणखी थोडं मागे जाऊ. १९७६ साली लंडनच्या ग्रनविक या फोटो धुण्याच्या कारखान्यात जयाबेन देसाई या गुजराती बाईने सक्तीच्या ओव्हरटाइमला नकार दिला आणि ती बाहेर पडली. तिच्यामागून इतरही निघाल्या. बहुतेक पूर्व आफ्रिकेतून आलेल्या आशियाई बाया. पगार तुटपुंजा, संडासला जायचं तरी परवानगी मागायची. युनियनला मान्यता द्या, ही त्यांची मागणी. संप दोन वर्षं चालला. १९७७ च्या उन्हाळ्यात त्यांना पाठिंबा द्यायला हजारो कामगार कारखान्याच्या दारात आले. त्यांत यॉर्कशायरचे खाणकामगार होते. गोरे, धिप्पाड, कोळशाच्या धंद्यातले पुरुष साडीतल्या बायांच्या मागे उभे राहिले. पुढे युनियनच्या वरिष्ठांनीच हात आखडता घेतला, तेव्हा जयाबेन त्यांच्याच कचेरीबाहेर उपोषणाला बसल्या. तोही संप हरला.

मैत्रिणींनो, या तीन गोष्टी एकापुढे एक ठेवून बघा. १९७७ मध्ये यॉर्कशायरचे खाणकामगार परदेशातून आलेल्या बायांसाठी लंडनला जातात. १९८४ मध्ये स्वतःच्या पोटासाठी सरकारशी लढतात. आणि २०२४ मध्ये त्याच मुलखात, बंद खाणीच्या जमिनीवर, जमाव परदेशातून आलेल्यांना जाळायला निघतो. माणसं बिघडली, असं म्हणून मोकळं होता येणार नाही. मधल्या काळात काय झालं? कामं गेली, हे तर झालंच. पण कामाबरोबर युनियन गेली, क्लब गेले, सभेच्या जागा गेल्या. राग व्यक्त करायची एकत्र जागा उरली नाही. मग राग राहिला आणि त्याला दिशा देणारं दुसरंच कुणी आलं.

राग खरा आहे. तो खोटा मानण्याची चूक आपण करू नये. २००८ मध्ये बँका बुडायला आल्या, तेव्हा एकट्या रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडमध्ये सरकारने सुमारे ४,५०० कोटी पौंड घातले. २००९ मध्ये खासदारांनी भत्त्यांच्या नावाखाली काय काय वसूल करायला बघितलं ते बाहेर आलं. एकाने तर तळ्यातल्या बदकांच्या घराचं बिल लावलं होतं! आणि २०१० पासून काटकसर करायला सांगितलं ते कुणाला? ट्रसेल ट्रस्ट या संस्थेच्या केंद्रांतून २०१०-११ मध्ये धान्याची सुमारे ६१ हजार पाकिटं वाटली गेली होती. २०२३-२४ मध्ये ती ३१ लाखांवर गेली. मोठ्या कंपन्यांच्या प्रमुखांची कमाई त्याच काळात सामान्य कामगाराच्या शंभरपटीहून जास्त होती.

कारखाना बंद पडला की बातमी होते, कारण भोंगा थांबतो. बायांचं काम जातं ते भोंग्याशिवाय. ब्रिटनमध्ये सरकारी सेवेतल्या नोकरदारांत सुमारे दोन तृतीयांश बाया आहेत. कपातीची पहिली कुऱ्हाड तिथेच पडली. बालकेंद्रं बंद झाली, मारहाणीतून सुटून आलेल्या बायांच्या आधारगृहांचा पैसा तोडला. पाळणाघर बंद झालं की मूल आईच्याच कडेवर येतं, त्याचा हिशेब कुणी ठेवत नाही. करांत आणि सरकारी मदतीत २०१० पासून केलेल्या बदलांतून जी बचत होत होती, तिच्यातला ८६ टक्के भार बायांवर पडत होता, असं ब्रिटिश संसदेच्याच ग्रंथालयाने २०१७ मध्ये दाखवून दिलं. त्याच वर्षी गरीब कुटुंबांना तिसऱ्या मुलासाठीची मदत बंद केली गेली. अपवाद ठेवला तो असा, की मूल बलात्कारातून झालं असेल तर बाईने तसं अर्जात लिहून द्यायचं! ही दोन मुलांची अट उठवण्याचा निर्णय जाहीर व्हायला नोव्हेंबर २०२५ उजाडावं लागलं.

मग कुणी म्हणेल, वर आपल्यातलं कुणी बसलं तर बदलेल. १९७९ मध्ये ब्रिटनला पहिली स्त्री पंतप्रधान मिळाली. खाणकामगारांचा संप मोडला तो मार्गारेट थॅचरबाईंनी. २०२२ मध्ये ऋषी सुनक पंतप्रधान झाले, तेव्हा आपल्याकडे पेढे वाटले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, अर्थमंत्री असताना, त्यांनी नोकरदारांच्या पगारातून जाणारी वर्गणी वाढवली होती. आणि त्याच सुमारास बाहेर आलं की त्यांच्या पत्नीला परदेशातल्या उत्पन्नावर ब्रिटनमध्ये कर न भरण्याची सवलत होती. ती कायदेशीर होती, टीका झाल्यावर त्यांनी कर भरण्याचं जाहीर केलं. मुद्दा व्यक्तीचा नाही. कायदाच त्यांच्या सोयीचा होता, हा मुद्दा आहे.

एक प्रसंग मला विसरता येत नाही. करोनाच्या काळात लोकांना आपल्या माणसाच्या अंत्यविधीलाही धड जाता येत नव्हतं, तेव्हा पंतप्रधानांच्या कचेरीत पार्ट्या झडत होत्या. २०२२ मध्ये त्याचा चौकशी अहवाल आला. त्यात लिहिलंय की डिसेंबर २०२० मधल्या एका पार्टीनंतर सकाळी सफाई कामगाराला भिंतीवर लाल दारू सांडलेली दिसली. सफाई आणि पहाऱ्याच्या कामगारांना तिथे अपमानास्पद वागणूक मिळाल्याची उदाहरणंही अहवालाने नोंदवली. लंडनमधली अशी कामं मोठ्या प्रमाणावर परदेशातून आलेली माणसं करतात. आता सांगा, यॉर्कशायरच्या बेकाराचं भांडण कुणाशी आहे? दारू सांडणाऱ्याशी की ती पुसणाऱ्याशी?

पण त्याला सांगितलं जातंय, पुसणाऱ्याशी. आणि सांगणारे आपलंच नाव घेतात. "आमच्या बायकामुलींच्या रक्षणासाठी" असं म्हणत हॉटेलांसमोर जमाव जमतात. २०२४ च्या दंगलीत अटक झालेल्यांपैकी दर पाचांत सुमारे दोघांविरुद्ध घरातल्या हिंसेची तक्रार आधीच पोलिसांकडे आलेली होती, असं पोलिसांच्या आकडेवारीतून पुढे आलं. रक्षणकर्ते ते हे! जून २०१६ मध्ये जो कॉक्स या तरुण खासदार बाईचा खून याच यॉर्कशायरमध्ये, निर्वासितांचा द्वेष करणाऱ्याने केला. तिला दोन लहान मुलं होती.

आपल्या नावाने दंगल कशी उभी केली जाते, हे आपल्याला नवं नाही. म्हणून ब्रिटनकडून शिकायचं ते इतकंच. लोकांचा राग बघून घाबरायचं नाही आणि त्यांना नावंही ठेवायची नाहीत. रागावलेल्या माणसाशी, त्याच्या बायकोशी, मुलीशी बोलायला बसायचं. हिशेब मांडून दाखवायचा: काम कुणी घेतलं, पैसा कुठे गेला. त्यासाठी वस्तीत एकत्र बसायची जागा राखायची, कारण ती गेली की काय होतं ते मॅन्व्हर्सने दाखवलं. आणि आपल्या रक्षणाच्या नावाने कुणी दगड उचलला, तर पहिल्यांदा आपणच पुढे होऊन सांगायचं, "आमच्या नावाने नको."

७ ऑगस्ट २०२४ च्या संध्याकाळी ब्रिटनमध्ये अनेक शहरांत हजारो लोक दंगलखोरांच्या विरोधात रस्त्यावर उभे राहिले. त्यांत बाया मोठ्या संख्येने होत्या. जयाबेनच्या मागे उभे राहणारे संपलेले नाहीत, एवढं त्यावरून कळलं. आपल्याकडे तशी वेळ आली, तर आपल्या वस्तीतून किती जणी निघतील, याची बोलणी आजच करू या.