नवतप्यातली सावली



विदर्भातल्या लहानमोठ्या शहरांचे उद्यान अधीक्षक, वृक्ष अधिकारी, वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आणि रोपवाटिकावाले एका छताखाली क्वचितच येतात, म्हणून आज एकाच मुद्द्यावर बोलायचे ठरवले आहे. झाडे लावण्यात आपण कधी कमी पडलो नाही. राज्याने 2016 साली 2 कोटी झाडांचा संकल्प सोडला, 2017 ला 4 कोटींचा, 2018 ला 13 कोटींचा आणि 2019 ला 33 कोटींचा. आकडा पावसाळ्यागणिक फुगत गेला. मात्र मे महिन्यात बसथांब्यावर उभ्या माणसाच्या डोक्यावरची सावली त्या प्रमाणात वाढली, असे या सभागृहातले कोणी छातीठोकपणे सांगेल असे वाटत नाही. याचे खापर आपण आळसावर किंवा टक्केवारीवर फोडून मोकळे होतो. मला मूळ दुखणे वेगळे दिसते. झाड जगवायला चांगले रोप लागते, छाटणीचे कसब असलेला हात लागतो, उन्हाळ्यात पाणी लागते आणि सात-आठ वर्षे कोणीतरी नोंद ठेवावी लागते. यातले काहीच एकेकट्या नगरपरिषदेच्या आवाक्यात नाही. आणि कारभार तर असा आखला आहे की प्रत्येकीने ते एकटीनेच करावे.

उन्हाला हद्द नसते, हे आपण एकदा मान्य केलेले आहे. नागपूरने 23 मे 2013 रोजी 47.9 अंश पाहिले. पुढे 2016 मध्ये नागपूर आणि शेजारच्या काही शहरांनी मिळून उष्णता कृती आराखडा आखला. लाट आली की इशारे, दवाखान्यांची तयारी, पाणपोया यांचा विचार हद्दीपलीकडे जाऊन झाला, पण सावलीचा झाला नाही. अहमदाबादचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. 2010 च्या मेमधल्या लाटेत तिथे नेहमीपेक्षा 1,344 मृत्यू जास्त झाले आणि त्यातून 2013 साली दक्षिण आशियातला पहिला शहरी उष्णता आराखडा उभा राहिला. आज देशभर त्याची नक्कल होते, ती व्हावीच. पण त्याच शहराचे वनाच्छादन 2011 ते 2021 या दहा वर्षांत 48 टक्क्यांनी घटल्याचे भारतीय वन सर्वेक्षणाचा 2021 चा अहवाल सांगतो. या मोजणीत एक हेक्टरपेक्षा लहान तुकडे धरले जात नाहीत, त्यामुळे रस्त्याकडेचा एकटा कडुनिंब तिच्यात दिसत नाही, हे लक्षात ठेवूनही आकडा अस्वस्थ करणारा आहे. लाटेचा इशारा देणारे शहर सावली गमावत होते. इशारा आरोग्य खात्याचा आणि झाड उद्यान खात्याचे, अशी वाटणी आपल्याकडेही आहेच.

सावली म्हणजे नेमके काय, यावर थोडे रेंगाळायला हवे, कारण आपल्या बहुतेक चुका इथूनच निघतात. नवतपा लागतो रोहिणीत, पंचवीस मेच्या आसपास. त्या नऊ दिवसांत ज्या झाडाला पाने नाहीत ते रस्त्यावरच्या माणसाच्या कामाचे नाही, मग जुलैत ते कितीही डेरेदार दिसो. करंज आणि कडुनिंब फाल्गुन-चैत्रात पाने झाडतात आणि वैशाखाआधी नव्या पालवीने भरून जातात. करंजाची ती कोवळी, तेल लावल्यासारखी चकाकणारी पाने एप्रिलच्या मध्यावर बघावीत. बाकी सगळे होरपळत असताना हे झाड नेमके उन्हाळ्याच्या तयारीला लागलेले असते. बहावा आणि गुलमोहर याच दिवसांत फुलांनी डोळे निववतात, पण बहाव्याखाली तेव्हा पानांची दाटी नसते आणि गुलमोहर फुलाला येताना बहुधा निष्पर्ण असतो. शोभेसाठी ते जरूर लावावेत, बसथांब्यासाठी नव्हे. कार्यालयांच्या आवारात हारीने उभ्या केलेल्या सरळसोट खोट्या अशोकाबद्दल न बोललेलेच बरे. त्याची सावली त्याच्या स्वतःच्या खोडाला पुरते.

आता प्रश्न असा, की करंज, कडुनिंब, वड, चिंच हवी असे ठरवले तरी रोप येते कुठून? लहान नगरपरिषदेची निविदा जूनच्या तोंडावर निघते आणि ठेकेदार ट्रक भरून आणतो, पुष्कळदा थेट गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशातल्या कडियमहून. तिथल्या दमट हवेत वाढलेले रोप चंद्रपूरच्या सिमेंट रस्त्याकडेला उतरते. पिशवी फाडून पाहिली तर मुळे तळाशी गोल गोल फिरून त्यांची चुंबळ झालेली असते. खड्ड्यात गेल्यावरही ती तशीच फिरत राहतात, बाहेर पसरत नाहीत. वर शेंडा वाढतो, खाली पकड नसते, आणि दहाबारा वर्षांनी वळवाच्या वादळात झाड मुळासकट आडवे होते. मग वर्तमानपत्रात छापून येते की झाडे धोकादायक असतात. शिवाय ट्रकमध्ये जे स्वस्त आणि हिरवेगार दिसते तेच लावले जाते. कोनोकार्पस असाच शहराशहरांत पसरला. तेलंगणाने 2022 मध्ये आणि गुजरातने 2023 मध्ये त्याला आवर घातला, तोवर दुभाजक भरून गेले होते. विदेशी झाडांवर माझा सरसकट राग नाही. जिथे लावणाऱ्याला निवड करायला वावच नाही, तिथे देशी-विदेशीचा वाद कागदावर राहतो, एवढेच म्हणणे आहे.

म्हणून पहिली मागणी सामाईक रोपवाटिकेची. बाजारू पिशवीत न कोंडलेले, मुळांची छाटणी करून तीन पावसाळे वाढवलेले, पुरुषभर उंचीचे रोप तयार करायला जागा, पाणी आणि चिकाटी लागते. दरवर्षी चारदोनशे रोपे घेणाऱ्या गावाला ते परवडत नाही. पण वीस गावांची मागणी तीन वर्षे आधी कळली तर सहज परवडते. बियाणे इथल्याच जुन्या झाडांचे घ्यावे, आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे ज्ञान शेताच्या बांधावर थांबते ते शहरात आणावे. दुसरी मागणी छाटणी पथकाची. तारांखालच्या फांद्या पावसाळ्यापूर्वी, म्हणजे नेमक्या एप्रिल-मेमध्ये, कोयत्याने एका बाजूने सपासप तोडल्या जातात. उरलेले झाड लंगडे होते, जखमेत पाणी मुरते, खोड पोखरते. योग्य ठिकाणी करवत लावणारी, दोरावर चढणारी प्रशिक्षित माणसे विदर्भात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. प्रत्येक शहराने त्यांना नेमावे ही अपेक्षा चुकीची आहे. त्यांनी शहराशहरांत फिरावे ही रास्त आहे.

याला पहिला आक्षेप मला ऐकू येतोच आहे: प्रादेशिक म्हटले की थकबाकी आली. प्रादेशिक पाणीपुरवठा योजनांचे काय झाले ते आपण पाहिले आहे. एका गावाने पैसे थकवले, वीज तुटली आणि सगळ्यांचेच नळ कोरडे पडले. आक्षेप खरा आहे, म्हणून नमुना तिथला घेऊ नये, दूध संघाचा घ्यावा. गाई-म्हशी ज्याच्या त्याच्या गोठ्यात असतात, वैरण ज्याची त्याची; शीतकरण केंद्र तेवढे एक असते. झाडे, खड्डे आणि वृक्ष प्राधिकरणाचे निर्णय नगरपरिषदेचेच राहावेत. रोप आणि छाटणी मागणीप्रमाणे, रोखीने घ्यावी. 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्याने वृक्ष उपकर आधीच दिलेला आहे. त्यातला एक हिस्सा यासाठी बांधून द्यावा.

दुसरा आक्षेप पाण्याचा. टँकरने माणसांना पाणी देताना झाडांना कुठून आणणार, असे विचारले जाते. नागपूरच्या भांडेवाडीत शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जाते. पहिला प्रकल्पच रोज 130 दशलक्ष लिटरचा होता. वीज केंद्राला जे चालते ते कडुनिंबाला चालत नाही असे कोणी म्हणू नये. शिवाय रोपाला आयुष्यभर पाणी लागत नाही, दोन-तीन उन्हाळे लागते, आणि आळ्यात पालापाचोळ्याचे जाड आच्छादन असेल तर तेही कमी लागते. आपण करतो ते उलटे. पाला झाडून जाळतो आणि पेव्हर ब्लॉक खोडाला भिडवतो. दिल्लीत खोडाभोवतीचा एक मीटर काँक्रीटमुक्त करण्याचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्येच दिला होता.

तिसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, कारण तो जाणकारांकडून येतो: झाडांनी तापमान असे कितीसे उतरते? युरोपातल्या 93 शहरांचा एक अभ्यास 2023 मध्ये लॅन्सेटमध्ये आला. वृक्षछत्र 30 टक्क्यांवर नेले तर सरासरी तापमान 0.4 अंशाने उतरेल, एवढेच त्याचे गणित होते. पण तेवढ्यानेही शहरी उष्णतेमुळे होणारे सुमारे एक तृतीयांश मृत्यू टळू शकतील, असेही त्याच गणितातून निघाले. ती शहरे आपली नव्हेत आणि तो हिशेब जसाच्या तसा इथे लावू नये. तरीही हवेचा पारा ही एक गोष्ट आणि अंगावर पडणारे ऊन ही दुसरी, हे हातगाडीवाल्याला समजावून सांगावे लागत नाही.

अशी मोट बांधता येते याचा दाखला ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये आहे. 2009 च्या जानेवारीतल्या लाटेने मेलबर्न ज्या राज्यात आहे त्या व्हिक्टोरियात 374 बळी जास्त घेतले. शहराचा पश्चिम भाग कोरडा, बेसाल्टच्या भेगाळणाऱ्या चिकण मातीचा, म्हणजे बराचसा आपल्यासारखा. तिथल्या पालिका आणि पाणी कंपनी झाडांसाठी एकत्र आल्या, आणि 2019 मध्ये महानगरातल्या 32 पालिकांसाठी मिळून एकच शहरी वन धोरण तयार झाले. ते श्रीमंत आहेत हे खरे. पण एकत्र येण्याचा मुख्य फायदा गरिबांनाच जास्त होतो; श्रीमंत शहराचे एकट्यानेही भागते.

आपल्याकडे मात्र बक्षीस शर्यतीला आहे. 2020 पासून चाललेल्या माझी वसुंधरा अभियानात शहरे एकमेकांशी गुणांसाठी झुंजतात. नागपूर, अमरावती, अकोला आणि चंद्रपूर या विदर्भातल्या चारही महापालिका राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात आहेत, पण प्रत्येकीचा आराखडा वेगळा. वृक्ष संरक्षण कायद्याच्या 2021 च्या दुरुस्तीने तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडे लावून ती सात वर्षे सांभाळायला सांगितले, आणि निगा राखण्याची निविदा त्याआधी कितीतरी लवकर संपते. लावलेल्यांपैकी किती जगली हा आकडा एकत्र नोंदवला आणि गुण त्यावर मिळाले, तर पुष्कळ गोष्टी आपोआप सरळ होतील. शासनाकडे या परिषदेने एवढा एक ठराव जरूर पाठवावा.

बाकीचे आपल्याच हातात आहे. सभागृहाच्या दाराशी एक नोंदवही ठेवली आहे. आज लावलेले बी हाती येण्याजोगे रोप व्हायला तीन पावसाळे लागतील. तेव्हा आपल्या शहराला कोणत्या जातीची, किती उंचीची, किती रोपे लागतील, तो आकडा प्रत्येकाने जाण्यापूर्वी तीत लिहून द्यावा.