विंचवाचा उतारा
(वार्षिक सभेत केलेले भाषण)



जमाखर्चाचे आकडे आपल्या हाती आहेतच. आज एका दंशाविषयी बोलण्याची अनुज्ञा असावी.

कोळी आणि विंचू ही एकाच अष्टपाद कुळातील भावंडे. दोघांच्याही विषाचा रोख प्रामुख्याने भक्ष्याच्या मज्जासंस्थेवर असतो. पुण्यातील घरांत आढळणारे कोळी बहुधा निरुपद्रवी असतात. परंतु आपल्याकडचा लाल विंचू प्राणघातक ठरू शकतो. मज्जातंतूंत सोडियमची सूक्ष्म द्वारे असतात. ती क्षणभर उघडून मिटतात आणि संदेश पुढे जातो. विंचवाचे विष त्यांना वेळेवर मिटू देत नाही. मग संदेशांचा पूर लोटतो, अ‍ॅड्रेनलिनसारखी द्रव्ये रक्तात उसळतात, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते.

डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असे रुग्ण उशाशी बसून न्याहाळले. पुढे त्यांनी पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. केले. १९८२ साली धोक्याच्या पूर्वलक्षणांवरील त्यांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर त्यांनी आकुंचित रक्तवाहिन्या सैल करणारी प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी वापरण्यास आरंभ केला. गंभीर रुग्णांतील शेकडा तीसपर्यंत जाणारे मृत्यूचे प्रमाण त्यामुळे अत्यल्प झाले. प्रतिविषाची जोड दिल्यास रुग्ण अधिक लवकर सावरतो, असे त्यांच्या २०११ सालच्या अभ्यासात दिसून आले. २०२२ साली ते पद्मश्रीने सन्मानित झाले.

आप्तेष्टांना एक कळकळीची विनंती आहे. वेदना कमी म्हणजे विंचू उतरला, असे समजू नये. गंभीर दंशात वेदना अनेकदा कमीच असते. उलटी, दरदरून घाम, थंडगार हातपाय ही खरी धोक्याची सूचना होय. मंत्र म्हणवून घेण्यात गेलेला तास परत मिळत नाही. गोळीही मनाने देऊ नये. रुग्णास तत्काळ रुग्णालयात आणावे.

देणगीदारांना आम्ही काय सांगावे? आम्ही हिशेबाची माणसे. गोळी थोड्या रुपयांची आहे. परंतु ती वेळेवर देणारा डॉक्टर, रात्रभर रक्तदाब मोजणारी परिचारिका आणि सज्ज अतिदक्षता विभाग हे सारे तयार ठेवण्यास द्रव्य लागते. ज्या रात्री एकही रुग्ण येत नाही, त्या रात्रीही ते लागते. आपले दान त्या जागरणाचा आधार आहे.