शिऱ्याचा द्रोण

मी ज्या गावात वाढलो, तिथे आमचे ख्रिस्ती घर आणि शेजारच्या काकूंचे घर यांच्यात एकच भिंत होती. काकूंकडे श्रावणात सत्यनारायण असे. सव्वाच्या मापाचा, केळे घातलेला, साजूक तुपातला शिरा द्रोणातून आमच्याकडे येई. (आठवणीने आजही तोंडाला पाणी सुटते.) तो घ्यावा की नाही, हा प्रश्न मराठी ख्रिस्ती घरांत जुनाच. कुणी आनंदाने खातात, कुणी नम्रपणे नको म्हणतात.

असाच प्रश्न इ.स. ५५च्या सुमारास ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना पडला होता. देवळात बळी दिलेल्या पशूंचे मांस बाजारात येई. ते खावे का? संत पौलाने त्यांना पाठवलेल्या पहिल्या पत्रात याचे उत्तर आहे. देवळातल्या पंगतीला तो हरकत घेतो. पण बाजारातले खुशाल खा, चौकशी करत बसू नका, असे सांगतो. एवढे मला पाठ होते. बाकीचे मी घाईने वाचले होते.

थोरल्या भावाचे लग्न झाले. वहिनी हिंदू घरातल्या. लग्नाच्या वर्षभर आधी त्यांनी स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला होता. माहेरी सत्यनारायणाची सारी तयारी त्याच करीत. त्या श्रावणात द्रोण आला आणि वहिनींनी हात मागे घेतला. मी तेव्हा कॉलेजात, वक्तृत्वाची बक्षिसे मिळवणारा! म्हणालो, "अहो वहिनी, रवा, तूप, साखर. त्याला काय भ्यायचे? आपण मोकळी माणसे." सगळे हसले. वहिनींनी दोन घास खाल्ले.

रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन होते. सगळे उठले, वहिनी बाकावरच बसून राहिल्या. घरी आईने विचारले, तेव्हा एवढेच म्हणाल्या, "खाताना हात आपोआप जोडले गेले, आई."

आईने मला ते पत्र पुन्हा उघडायला लावले. आठव्या अध्यायात पौल सांगतो, की कालपर्यंत मूर्तिपूजेची सवय असलेल्या माणसाला ते नुसते अन्न वाटत नाही. तुमचे पाहून तो मनाविरुद्ध खातो आणि त्याची सद्सद्विवेकबुद्धी दुखावते. तसे होणार असेल, तर आपण जन्मात मांस खाणार नाही, असे तो स्वतःपुरते ठरवून टाकतो.

लक्ष्मीबाई टिळकांची हकिकत आपल्याला ठाऊक आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढे पतीजवळ राहायला आल्यावरही लक्ष्मीबाई सोवळे पाळून वेगळे शिजवीत. जातिभेद त्यांनी टाकला तो स्वतः विचार करून, आणि बाप्तिस्मा घेतला १९०० मध्ये. 'स्मृतिचित्रे'त हे सारे आले आहे. त्यांना पाच वर्षे मिळाली. मी वहिनींना दोन मिनिटेही दिली नव्हती.

मी वहिनींची माफी मागितली. काकूंशी बोलायला आई स्वतः गेली. काकू दुखावतील अशी मला धास्ती होती. पुढच्या श्रावणात द्रोणाबरोबर एक डबाही आला. "नैवेद्याआधी शिरा काढता येत नाही गं, म्हणून सूनबाईंसाठी चिवडा वेगळा केला," काकू आईला म्हणाल्या. वहिनींसमोर मी शिरा खाणे बंद केले, ते बरीच वर्षे.

गेल्या श्रावणात काकूंच्या नातसुनेने द्रोण आणून दिला. वहिनींनी तो घेतला, माझ्यापुढे सरकवला आणि डब्याचे झाकण उघडत म्हणाल्या, "खा हो भाऊजी, गार होतोय. माझा चिवडा आहे."