पुराच्या विहिरीला पावडरचा मोठा डोस

पूर ओसरला की आपण घर धुतो, अंथरुणं वाळत घालतो, भांडी घासतो. पण पुराचं पाणी विहिरीतही शिरलेलं असतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या गावांनी ते पाहिलं. शेणखड्डा, संडास, मेलेली जनावरं, सगळ्यांवरून वाहिलेलं ते पाणी. आठवड्याभराने ते वरून निवळ दिसतं आणि कळशी भरली जाते. मग लेकरांना जुलाब लागतात. म्हणून आज आपण विहिरीला टीसीएल पावडरचा मोठा डोस कसा द्यायचा ते बोलू.

विहिरीच्या काठावरून मूठभर पावडर फेकली की काम झालं, असं पुष्कळ ठिकाणी समजतात. तसं केलं तर अर्धी पावडर तरंगते, अर्धी तळाला बसते. शिवाय पाण्यात गाळ असेल तर तो गाळच क्लोरीन खाऊन टाकतो, जंतूंसाठी काही उरत नाही. म्हणून आधी कचरा काढा आणि गढूळ पाणी उपसा. मात्र भोवतालची जमीन पाण्याने फुगलेली असताना विहीर एकदम कोरडी करू नका, कडा ढासळतात. आणि कुणीही आत उतरायचं नाही.

आता माप. विहिरीची रुंदी मीटरमध्ये मोजा. रुंदी गुणिले रुंदी, गुणिले पाण्याची खोली, गुणिले 785, एवढे लिटर पाणी. तीन मीटर रुंद विहिरीत दोन मीटर पाणी असेल तर ते साधारण 14 हजार लिटर. रोजच्या शुद्धीकरणाला हजार लिटरला 5 ग्रॅम पावडर धरतात, म्हणजे या विहिरीला 70 ग्रॅम. पुरानंतरच्या मोठ्या डोसला हजार लिटरला 200 ग्रॅम धरा, म्हणजे 2 किलो 800 ग्रॅम. हा हिशेब चांगल्या पावडरचा. पिशवी उघडी राहिली, ओल लागली, की पावडरचा जोर जातो. गोळे झालेत आणि नाकाला झोंबत नाही, अशी पावडर घेऊ नका.

नाकातोंडाला पदर बांधा, वाऱ्याकडे पाठ करा. प्लॅस्टिकच्या बादलीत थोडी पावडर घ्या, थोडं थोडं पाणी घालून कालवा, मग बादली पाऊण भरा. दहा मिनिटं थांबा. वरची निवळी दुसऱ्या बादलीत ओता, तळचा चुना विहिरीत जाऊ देऊ नका. निवळीची बादली दोराने पाण्याखाली सोडा आणि वर-खाली, इकडे-तिकडे हलवा. सगळी पावडर संपेपर्यंत असंच. फिनेल किंवा संडास साफ करायचं ॲसिड या पावडरीजवळही आणायचं नाही, विषारी वायू होतो.

हे काम संध्याकाळी करा आणि बारा तास विहिरीवर दोर पडू देऊ नका. हे पाणी माणसाने प्यायचं नाही, गुरांनाही पाजायचं नाही. तोवर दुसरीकडचं पाणी खळखळ उकळून प्या. बारा तासांनी पाणी उपसा, पण ओढ्यात किंवा मासे असलेल्या तळ्यात सोडू नका. नवीन पाणी आलं की ओटी टेस्ट करा. फिकट पिवळा रंग आला तर ठीक. गडद नारिंगी आला तर अजून उपसा. रंगच आला नाही तर पाणी अजून सुरक्षित नाही.

मोठा डोस एकदाच पुरत नाही, पुढे रोजचा छोटा डोस हवाच. आणि क्लोरीन जंतू मारतो, शेतातून आलेलं औषध किंवा खारटपणा काढत नाही.

पाण्याला वास येतो म्हणून सासूबाई कुरकुरतील, पोरं नाक मुरडतील. घागर थोडा वेळ उघडी ठेवली, वर पातळ फडकं बांधलं, की वास कमी होतो. वासापायी ओढ्याचं पाणी आणू नका.

गावच्या पाणी समितीत निम्म्या बायका असाव्यात असं जलजीवन मिशन सांगतं. पाणी आपण भरतो, तर हिशेबही आपणच विचारू. येत्या बैठकीत तीन प्रश्न मांडा: पावडर किती तारखेची आहे, काल किती टाकली आणि ओटीला रंग कसा आला? उत्तर वहीत लिहून घ्या.