माझ्यासंगे चला : रायपूरचे कविगायक लक्ष्मण मस्तुरिया

‘पॉप गायक’ हा शब्द आता मराठी कानांना परका राहिलेला नाही. ‘पॉप्युलर’, म्हणजे लोकप्रिय, या इंग्रजी विशेषणाचे ते आखूड केलेले रूप होय. हा शब्द उच्चारताच गिटार गळ्यात अडकवलेला, झगझगीत दिव्यांच्या प्रकाशात उभा असलेला तरुण डोळ्यांपुढे येतो. आपले गीत आपणच लिहावे, आपणच गावे, ते घरोघर जावे आणि गायकाचे नाव सर्वतोमुखी व्हावे, असा या पेशाचा यशोमार्ग मानला जातो. परंतु स्वतः गीत लिहून गाणारा आणि लाखोंच्या ओठांवर वसणारा माणूस नेहमी याच साच्यातून निघतो असे नाही. आज ज्यांच्याविषयी मी बोलणार आहे, त्या लक्ष्मण मस्तुरिया यांची कीर्ती धानाच्या शेतांतून, खेड्यांतल्या उघड्या रंगमंचावरून आणि रायपूरच्या आकाशवाणी केंद्रावरून पसरली.

रायपूर म्हटले की मराठी माणसाला ते फार दूरचे गाव वाटते. वस्तुतः ते तसे नाही. नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करपंत कोल्हटकर १७४१ साली रतनपुरावर चालून गेले, तेव्हापासून छत्तीसगढचा आणि आपला संबंध आहे. पुढे बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरास राहून या मुलखाचा कारभार पाहिला. इंग्रजी अमदानीत आणि त्यानंतरही, १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत, रायपूर व नागपूर एकाच प्रांतात होते आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. हिंदी पत्रकारितेत मानाचे स्थान मिळवलेले माधवराव सप्रे हे मराठी गृहस्थ. त्यांनी १९०० साली पेंड्र्याहून जे मासिक काढले, त्याचे नावच ‘छत्तीसगढ मित्र’ असे ठेवले होते. तेव्हा या भूमीच्या कवीची ओळख करून घेणे म्हणजे जुन्या शेजाऱ्याच्या घरी जाऊन चार घटका बसण्यासारखे आहे.

लक्ष्मण मस्तुरिया यांचा जन्म ७ जून १९४९ रोजी बिलासपूरजवळच्या मस्तुरी या गावी झाला. आपल्याकडे गावाच्या नावाला ‘कर’ जोडून जसे आडनाव होते, तसेच त्यांचे ‘मस्तुरिया’ हे नाव गावावरून आलेले आहे. ज्या काळात ते वाढले तो काळ छत्तीसगढच्या दृष्टीने मोठ्या उलथापालथीचा होता. १९५९ साली भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली. देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे तेथे आली. दुसरीकडे १९६५ आणि १९६६ या लागोपाठच्या वर्षांत पावसाने दगा दिला आणि ज्या प्रदेशाला ‘धानाचा कटोरा’ म्हणतात तेथील शेतकरी धान्यासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहू लागला. अशा वेळी माणूस केवळ दरिद्री होत नाही. तो स्वतःच्या भाषेविषयीही संकोचू लागतो. शहरात गेल्यावर घरची बोली दाराबाहेर ठेवावी आणि मोडक्यातोडक्या का होईना, पण हिंदीत बोलावे, असे त्याला वाटू लागते. छत्तीसगढी ही अडाण्यांची, मजुरांची बोली, हा समज परक्यांचा होता आणि दुर्दैवाने घरच्यांनीही तो स्वीकारला होता.

या बोलीजवळ गाण्यांची वाण नव्हती. शेतात काम करताना स्त्रीपुरुषांनी एकमेकांना उद्देशून म्हणावयाचा ददरिया, दिवाळीच्या सुमारास टोपलीत मातीचा पोपट ठेवून स्त्रियांनी भोवती फेर धरून टाळ्यांच्या तालावर गायचे सुवागीत, करमा, पंथी, आणि रात्र रात्र चालणारा नाचा, असे हे भांडार आहे. नाच्यातला ‘जोक्कड’ पाहिला की आपल्याला तमाशातल्या सोंगाड्याची आठवण व्हावी. रायपूरचेच सुपुत्र हबीब तन्वीर यांनी १९५८ साली याच नाच्यातले कलावंत दिल्लीस नेले आणि त्यांच्याकडून ‘मृच्छकटिका’चा प्रयोग करवून जाणत्यांना थक्क केले. परंतु ही गाणी पिढीजात होती. आजच्या माणसाचे आजचे दुःख त्याच्याच बोलीत, त्याच्याच चालीच्या वळणाने कोणी गावे, ही गरज मात्र तशीच राहिली होती.

ती ओळखली दुर्गजवळच्या बघेरा गावच्या दाऊ रामचंद्र देशमुखांनी. ‘दाऊ’ म्हणजे गावातला प्रतिष्ठित जमीनदार. विदर्भात ज्याला मालगुजार म्हणत, त्याच्या जवळपासचे हे संबोधन. या दाऊंनी आपला वेळ व पैसा लोककलेच्या पायी वेचला. खेड्याखेड्यांतून गुणी माणसे हुडकून त्यांनी ‘चंदैनी गोंदा’ हे कलापथक उभे केले. गोंदा म्हणजे झेंडू. पूजेला वाहावे असे साधे रानावनातले फूल त्यांनी नावासाठी निवडले. त्याचा पहिला प्रयोग ७ नोव्हेंबर १९७१ रोजी बघेरा येथे झाला. शेतकऱ्याच्या आयुष्याची कथा गीतांच्या माळेत ओवून सांगणारा असा तो कार्यक्रम होता. संगीताची बाजू राजनांदगाव भागातल्या खुमान साव यांनी सांभाळली. भैयालाल हेडाऊ यांच्यासारखे गायक त्यात होते. हेडाऊ हे आडनाव विदर्भातल्या श्रोत्यांना ओळखीचे वाटेल. सत्यजित राय यांच्या ‘सद्गती’ या चित्रपटातील गोंडाची भूमिका याच भैयालालांनी केली. आणि गीते लिहिणारा, त्यातली कित्येक स्वतः गाणारा तरुण होता लक्ष्मण मस्तुरिया. त्या वेळी त्याचे वय अवघे २२ वर्षांचे होते.

‘मोर संग चलव रे’ हे या पथकाचे सर्वांत गाजलेले गीत. त्याच्या नावाचा अर्थ मराठी माणसाला सांगावा लागू नये : माझ्यासंगे चला. गीत त्यांचे, आवाज त्यांचा आणि चाल खुमान सावांची. या गीतात कवी कोणाला हाक मारतो हे पाहण्याजोगे आहे. जे पडले आहेत, दमले आहेत, ठेचकाळले आहेत, भीतीने एका कडेला बसून राहिले आहेत, त्यांना तो म्हणतो की माझ्याबरोबर चला. आमराईच्या गार सावलीचा आणि नदीच्या पाण्याचा दिलासा तो त्यांना देतो आणि संकटाशी झुंजण्याचा विडा आपण उचलला आहे असेही सांगतो. येथे ‘उठा, जागे व्हा’ असा उंचावरून केलेला उपदेश नाही. मागे राहिलेल्याचा हात धरून केलेला आग्रह आहे. आपल्या महाराष्ट्रात अमर शेख, अण्णा भाऊ साठे यांच्या शाहिरीने सभाच्या सभा पेटवल्या. मस्तुरियांचा सूर त्याहून निराळा आहे. तो पेटवण्याआधी धीर देतो. दुष्काळाने आणि उपेक्षेने खचलेल्या माणसाला आधी धीरच हवा असतो.

रंगमंच कितीही मोठा असला तरी त्याच्यापुढे माणसे किती बसणार? त्याची मर्यादा ओलांडली ती आकाशवाणीने. रायपूरचे केंद्र २ ऑक्टोबर १९६३ रोजी सुरू झाले होते. पुढे ट्रान्झिस्टर स्वस्त झाले आणि खेड्यात पोहोचले. बांधावर, पानाच्या टपरीवर, बैलगाडीत ही गीते ऐकू येऊ लागली. पुण्याच्या केंद्रावरून १९५५-५६ साली ‘गीतरामायण’ प्रसारित होत असताना मराठी घरांत जे घडले, त्याची आठवण अनेकांना ऐकून तरी असेल. तेथे रामकथा सर्वांना आधीच ठाऊक होती. छत्तीसगढात घडले ते काहीसे वेगळे. ज्या बोलीत आपण गुरांना हाकतो आणि लेकरांना जोजवतो, तीच बोली सरकारी यंत्रातून, वाद्यमेळासह, सन्मानाने ऐकू येते आहे, हेच मुळी लोकांना नवल होते. चित्रपटाने ती वाट थोडी आधी दाखवली होती. मनू नायक यांचा ‘कहि देबे संदेस’ हा पहिला छत्तीसगढी चित्रपट १९६५ सालचा आणि त्यात महंमद रफी गायले होते. पण मुंबईच्या थोर गायकाने आपली बोली गाणे वेगळे आणि मस्तुरी गावच्या मुलाने ती गाणे वेगळे. पहिल्यात कौतुक आहे, दुसऱ्यात ओळख आहे.

मस्तुरिया केवळ धीर देणारे कवी होते असे समजू नये. ज्याला घरोघर गायले जायचे आहे त्याला प्रेमाचे, थट्टेचे, विरहाचे गाणेही यावे लागते. ‘पता दे जा रे’ हे कविता वासनिक यांनी गायिलेले गीत त्यांचेच. वाटेने जाणाऱ्या गाडीवानाला एक मुलगी म्हणते, जाता जाता तुझा पत्ता तरी देऊन जा. एवढासाच प्रसंग; पण त्यात लाज आहे, धीटपणा आहे आणि गाडी पुढे निघून जाईल ही धास्तीही आहे. ददरियाच्या कुळातला हा भाव त्यांनी नव्या गीतात आणला. लोकगीताची मोड ठेवून नवे शब्द घालणारे पुष्कळ असतात. लोकगीताचा स्वभाव राखून नवे गीत रचणारा क्वचित आढळतो.

१९७४ साली प्रजासत्ताक दिनानिमित्त दिल्लीच्या लाल किल्ल्यावर भरलेल्या कविसंमेलनात त्यांनी आपली कविता सादर केली. तेव्हा त्यांनी पंचविशीही गाठली नव्हती. एवढे यश लाभल्यावर मुंबईचा रस्ता धरणारे अनेक. मस्तुरिया रायपुरात राहिले, तेथील राजकुमार कॉलेजात त्यांनी अध्यापन केले आणि लिहीत राहिले ते छत्तीसगढीतच. ‘सोनाखान के आगी’ या काव्यात त्यांनी वीर नारायणसिंहांचे चरित्र गायिले. सोनाखानच्या या जमीनदाराने १८५६ सालच्या दुष्काळात सावकाराचे धान्याचे कोठार उघडून भुकेल्यांना वाटले, आणि १० डिसेंबर १८५७ रोजी रायपुरात इंग्रजांनी त्यांना फाशी दिले. गाणी लिहिणाऱ्याने हा नायक का निवडला हे उघड आहे. पडलेल्या माणसाला ‘चला’ म्हणणारा कवी, त्याच्यासाठी चालता चालता फासावर गेलेल्या माणसाकडे वळला.

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ हे वेगळे राज्य झाले आणि रायपूर त्याची राजधानी बनले. त्याच सुमारास सतीश जैन यांचा ‘मोर छैंहा भुंइया’ हा चित्रपट पडद्यावर आला व विलक्षण चालला. त्याची गीते मस्तुरियांची होती. भुंइया म्हणजे आपली भुई, छैंहा म्हणजे छाया. मायभूमीच्या सावलीचे ते नाव. २००७ साली विधानसभेने छत्तीसगढीला राजभाषेचा मान दिला. हे सारे एका कवीमुळे घडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. राज्ये चळवळींनी व कायद्यांनी घडतात. पण ज्या लोकांना आपली भाषा उच्चारण्याचीच लाज वाटत असते, ते लोक तिच्या नावाने काही मागू शकत नाहीत. ती लाज घालवण्याचे काम कायद्याच्या हातचे नव्हे. ते गीतांनी केले.

३ नोव्हेंबर २०१८ रोजी, वयाच्या ६९ व्या वर्षी, लक्ष्मण मस्तुरिया रायपूर येथे निवर्तले. पुढच्याच वर्षी जूनमध्ये खुमान सावही गेले. आणि येथे लोकप्रियतेचे एक विचित्र फळ समोर येते. गाणे फारच लोकप्रिय झाले म्हणजे ते ‘पारंपरिक’ होऊन बसते. लग्नाच्या वरातीत वाजणारे, शाळेच्या संमेलनात मुलांनी नाचायचे गाणे कोणी तरी एका रात्री, एका दिव्यापाशी बसून लिहिले असेल हे ध्यानात राहत नाही. नव्या वाद्यांच्या गजरात तेच गीत पुन्हा ध्वनिमुद्रित होते आणि ऐकणारा नव्या गायकालाच त्याचा धनी समजतो. कित्येकजण यालाच कवीचे परम भाग्य म्हणतात. मला ते अर्धेच खरे वाटते. गीत लोकांचे व्हावे हा कवीचा आनंद. पण त्याचे नाव जपणे हे लोकांचे कर्तव्य आहे. नाव पुसले गेले की पुढच्या पिढीला असे वाटू लागते की चांगली गाणी फक्त पूर्वी, कोणा अनामिकांकडूनच होत असत. आपल्यातल्या, आपल्या गावच्या माणसाला ती साधणार नाहीत. मस्तुरीच्या एका मुलाने हे काम केले, हे ज्ञान त्या गीताइतकेच मोलाचे आहे.

श्रोतेहो, गोंदिया, गडचिरोली या आपल्या जिल्ह्यांच्या पूर्वेला हा प्रदेश लागून आहे. तिकडची गाणी इकडच्या गावांत ऐकू येतात. आपल्याकडेही झाडीबोली आहे, वऱ्हाडी आहे, अहिराणी आहे. त्या बोलणारा मुलगा शहरातल्या शाळेत गेला की तोही काही काळ गप्प होतो. बहिणाबाईंची गाणी १९५२ साली ग्रंथरूपाने आली तेव्हा अशा कितीतरी घरांत आपल्या बोलीकडे पाहण्याची दृष्टी पालटली. छत्तीसगढात तेच काम एका कविगायकाने केले, आणि ते करताना तो स्वतः लोकांच्या पुढे न धावता त्यांच्या पावलाने चालला. यशस्वी गायकाच्या मागे लोक जातात असे आपण नेहमी पाहतो. मस्तुरियांच्या यशात मात्र जो मागे राहिला होता त्याच्यासाठी गाणारा थांबला होता. त्यांचे गीत पुन्हा कधी आपल्या कानी पडले, तर ते कोणाचे आहे हे शेजारी बसलेल्यास अवश्य सांगावे.