पाणी पिकू द्या

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

तीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. दर वर्षी फळ्यावर नायट्रोजनचं चक्र काढायचो. अमोनियापासून नायट्राइट, नायट्राइटपासून नायट्रेट, मध्ये बाण, खाली जिवाणूंची नावं. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न. इतक्या वेळा काढलेली ही आकृती मला खऱ्या अर्थानं कळली ती निवृत्त झाल्यावर, आणि त्यासाठी तीन माशांचा जीव गेला. त्याचीच हकिगत आज सांगणार आहे.

मी निवृत्त झालो २०१९ साली. माझी नात तेव्हा सहा वर्षांची होती. २००३ सालचा ‘फाइंडिंग निमो’ हा चित्रपट तिनं इतक्या वेळा पाहिला होता, की घरातल्या सगळ्यांना तो पाठ झाला होता. तिला निमो हवा होता. खरं सांगायचं तर मलाही हवा होता. लहानपणी वडिलांचं बोट धरून मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयात गेलो होतो. १९५१ साली सुरू झालेलं ते मत्स्यालय तेव्हा मुंबईला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला दाखवलं जायचं. काचेपलीकडचे ते रंग डोक्यात कुठेतरी राहिलेच होते. शिवाय घरी वीस वर्षं गोड्या पाण्यातले मासे पाळले होते. गोल्डफिश, गप्पी, एंजल सगळे झाले होते. वाटलं, फरक तो काय? मिठाचाच ना?

आमच्या सौभाग्यवतींचंही तेच म्हणणं होतं. मिठाची पिशवी आणली तेव्हा किंमत ऐकून त्या म्हणाल्या, “अहो, मीठच घालायचंय तर डब्यातलं घाला की!” मालवणला असलेला माझा धाकटा भाऊ फोनवर खो खो हसला. “अरे दादा, दर्या सोडून तू मीठ इकत घेतंस?”

पण समुद्राचं पाणी म्हणजे नुसतं मिठाचं पाणी नव्हे. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण पस्तीस ग्रॅम क्षार असतात. त्यातला मोठा भाग आपल्या खायच्याच मिठाचा असतो. उरलेल्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट, बायकार्बोनेट असा सगळा गोतावळा असतो. तो नसेल तर मासा टिकत नाही. म्हणून या कामासाठी तयार केलेलंच मीठ लागतं. आणि आपल्या शहरांच्या किनाऱ्यावरचं पाणी कॅनमध्ये भरून आणावं, तर त्यात काय काय मिसळलेलं असतं ते मी सांगायला नको.

टाकी घेतली तीन फुटी. सुताराकडून तिच्यासाठी जाड लाकडाचं स्टँड करून घेतलं आणि काचेच्या तळाशी थर्मोकोल घातला. पाणी, खडक, काच असं सगळं मिळून वजन दोनशे किलोच्या आसपास जातं, म्हणजे घराच्या एका कोपऱ्यात तीन धट्टीकट्टी माणसं कायमची उभी करण्यासारखं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून पाणी आरओचं. स्वयंपाकघरातल्या त्या इवल्याशा यंत्रातून एकशे तीस लिटर पाणी जमवायला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत घरातल्या मंडळींनी माझ्याकडे कोणत्या नजरेनं पाहिलं ते जाऊ द्या. पाण्यात साडेचार किलोच्या वर मीठ विरघळवलं, रात्रभर पंप लावून ढवळलं आणि हायड्रोमीटर सोडला. गोड्या पाण्यात तो १.००० दाखवतो, समुद्राच्या पाण्यात १.०२५ च्या आसपास. आर्किमिडीज शिकवताना हेच उपकरण मी प्रयोगशाळेच्या कपाटातून काढून मुलांना लांबून दाखवत असे. हातात देत नसे, फुटेल म्हणून.

आठवडाभरात टाकी अशी दिसू लागली, की आत पाणी आहे की नाही कळू नये. इतकं नितळ! मी आणि नात दुकानात गेलो. दुकानदारानं विचारलं, “टाकी कधी लावली?” मी म्हटलं, आठ दिवस झाले. “चालेल, घेऊन जा,” तो म्हणाला. आम्ही दोन क्लाउनफिश आणि एक छोटा निळा डॅमसेल घेऊन आलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मासे पृष्ठभागाशी आले. कल्ले भराभर हलत होते, जसं धावून आलेल्या माणसाला धाप लागावी तसं. मी हवेचा पंप वाढवला. तिसऱ्या दिवशी निळा गेला. चौथ्या दिवशी सकाळी दोन्ही क्लाउनफिश तळाशी आडवे पडलेले होते. नात उठण्याआधी मी त्यांना काढणार होतो, पण ती आधीच स्टुलावर बसून पाहत होती. रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, “आजोबा, पाणी तर स्वच्छ होतं ना?”

तीस वर्षांत एखाद्या विद्यार्थ्यानं इतका नेमका प्रश्न विचारल्याचं मला आठवत नाही.

पाणी स्वच्छ होतं, पण कोरं होतं. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. उरलेलं खाणं कुजतं, त्याचाही अमोनिया होतो. समुद्रात तो क्षणात पांगतो आणि जिवाणू त्याचा फडशा पाडतात. नव्या टाकीत ते जिवाणू नसतातच. एक प्रकारचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात. पहिली दोन द्रव्यं माशाला विषासारखी, तिसरं त्या मानानं निरुपद्रवी. हे जिवाणू वाढतात फार सावकाश. पूर्ण वसाहत बसायला चार ते सहा आठवडे लागतात.

मग गोड्या पाण्यात माझी वीस वर्षं कशी निभली? याचंही उत्तर मी शिकवलेल्याच धड्यात होतं. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो, एक जहाल आणि एक सौम्य. पाणी जितकं अल्कधर्मी, तितकं जहाल रूपाचं प्रमाण जास्त. समुद्राच्या पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, ८.२ च्या आसपास असतो. माझ्या गोल्डफिशच्या टाकीत तो सातच्या जवळ असायचा. म्हणजे तेवढाच अमोनिया खाऱ्या पाण्यात कितीतरी पट घातक ठरतो. भरीला भर म्हणजे खाऱ्या पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो. जुन्या टाकीत माझ्या चुका खपून गेल्या होत्या, इतकंच.

पुन्हा दुकानात गेलो तेव्हा मालक नव्हता. मागे टाक्या धुणारा एक वयस्कर कामगार होता. मी घडलेलं सांगितलं. तो म्हणाला, “सर, तुमचं पाणी पिकलंच नव्हतं. आधी पाणी पिकू द्या.” लोणचं मुरावं तसं पाणी पिकतं, हा शब्द माझ्या कुठल्याच पाठ्यपुस्तकात नव्हता.

त्यानं सांगितलं तसं मी केलं. टाकीत मासा नाही, कोळंबीचा एक कच्चा तुकडा टाकला. तो कुजणार, अमोनिया होणार आणि जिवाणूंना खायला मिळणार. आता जिवाणूंना राहायला जागाही हवी, आणि ती म्हणजे सच्छिद्र खडक. मालवणहून भावाचा निरोप आला, “पाहिजे तितके पोवळ्याचे दगड पाठवतो.” त्याला मी लगेच नको म्हटलं. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि २००१ पासून प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टाचं कवच आहे. वाघाला जे संरक्षण, तेच. हौशी माणसांना हे ठाऊक नसतं म्हणून मुद्दाम सांगतो. मी सिरॅमिकचे कृत्रिम खडक घेतले. जिवाणूंनी काही तक्रार केली नाही.

मग रोज संध्याकाळी तपासणी. काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे आणि रंग पाहायचा. नातीनं एक चौकडीची वही केली. नळीत जो रंग येईल त्याच रंगाच्या खडूनं ती त्या दिवसाचा चौकोन भरायची. पहिले तीन-चार दिवस पिवळा, म्हणजे अमोनिया नाही. मग पोपटी. दहाव्या दिवशी गडद हिरवा. या पाण्यात आपण मासे सोडले होते, हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं. बोललं कुणीच नाही. तिसऱ्या आठवड्यात हिरवा फिका पडायला लागला आणि शेजारच्या ओळीत नायट्राइटचा जांभळा चढला. जांभळा खडू झिजून संपला, नवी पेटी आणावी लागली. काचांवर तपकिरी शेवाळ आलं. घरी येणारी मंडळी विचारायची, “मासे कुठायत?” मी म्हणायचो, “यायचेत.” एका मेहुण्यांनी तर हा खारवलेल्या दगडांचा काय प्रकार आहे, असंही विचारलं.

अडतिसाव्या दिवशी दोन्ही ओळी कोऱ्या आल्या. दुसऱ्या दिवशीही. तरी आम्ही आणखी एक आठवडा थांबलो. थांबा असं या वेळी नातीनं मला सांगितलं.

या खेपेला दोनच मासे आणले, तेही टाकीत जन्मलेले. क्लाउनफिशची पैदास आता बंदिस्त पाण्यात होते. आपल्याकडे कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं त्यात चांगलं काम केलं आहे. समुद्रातून पकडून आणलेल्या माशापेक्षा हे मासे तयार खाणं लवकर स्वीकारतात, आणि प्रवाळखडकावरचा एक मासाही कमी होत नाही. माझे पहिले तीन कुठून आले होते, ते मी तेव्हा विचारलंदेखील नव्हतं. या वेळी पिशवी लगेच टाकीत रिकामी केली नाही. बारीक नळीनं थेंब थेंब पाणी सोडत तासभर घालवला आणि मगच मासे आत गेले.

नातीला आता निमोचं ते झुलतं घर, म्हणजे समुद्रफूल हवं होतं. त्याला प्रखर प्रकाश आणि चांगली मुरलेली टाकी लागते. नवशिक्यानं त्याच्या वाटेला जाऊ नये. क्लाउनफिश त्याच्याशिवायही सुखात राहतो. माझ्या टाकीत त्यांनी एक मातीची कुंडी धरली आहे. आणखी एक गंमत सांगतो. हे सगळे मासे जन्मतात ते नर होण्यासाठी. जोडीतला थोरला मादी होतो. मादी मेली तर तिचा नर काही काळानं मादी बनतो. म्हणजे त्या चित्रपटात आई गेल्यावर बाबाची आई व्हायला हवी होती. हे मी नातीला सांगितलं. तिनं आईला सांगितलं. सूनबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

रोजचं काम फारसं नाही. पाणी उडतं, मीठ उडत नाही. त्यामुळे पातळी उतरली की गोडं पाणीच घालायचं, खारं नव्हे. काचेवर मी चिकटपट्टीची खूण केली आहे. दर रविवारी दहा-पंधरा लिटर पाणी बदलतो. उन्हाळ्यात पाण्यावर छोटा पंखा.

एकदाच घाबरलो. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई-ठाण्याची वीज गेली. टाकीतला पंप थांबला की प्राणवायू संपत जातो आणि नुसते मासेच नव्हे, ते कष्टानं वाढवलेले जिवाणूही मरतात. बॅटरीवरचा पंप घेऊ, घेऊ म्हणत राहिलो होतो. मग मी, सौभाग्यवती आणि नात आळीपाळीनं तांब्यानं पाणी काढून वरून धार सोडत बसलो. सौभाग्यवती शेवटपर्यंत उठल्या नाहीत. दिवे आले तेव्हा दोन्ही मासे कुंडीपाशी होते. बॅटरीचा पंप मी दुसऱ्याच दिवशी मागवला.

नात आता बारा वर्षांची झाली आहे. चौकडीची वही तिच्याकडेच असते, आता आठवड्याला एकच चौकोन भरतो. दोघांतली मादी चांगली बोटभर झाली आहे. गेल्या वर्षी तिनं कुंडीच्या कडेवर नारिंगी अंडी घातली. तेव्हापासून काच पुसायला हात आत घातला की ती सरळ येऊन चावते.